भार हलका, चाल नैसर्गिक

(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



अर्धांगवायूने पाय लुळा पडलेल्या माणसाला पुन्हा चालते कसे करावे, हा वैद्यकशास्त्रापुढील जुना प्रश्न आहे. पाऊल टाकल्याखेरीज चालणे येत नाही आणि पाय देहाचा भार पेलत नसल्याने पाऊल टाकता येत नाही. या पेचातून काढलेली एक वाट म्हणजे भार अंशतः उचलून धरणे. छातीस व कमरेस पट्टे बांधून माणसाला वरून तोलून धरतात आणि ट्रेडमिल या यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर चालवितात. साठ किलो वजनाच्या माणसाचा ३० टक्के भार उचलला, तर अठरा किलो वर तोलले जातात व पायांवर बेचाळीस किलोच उरतात.

परंतु भार किती उचलावा? हे ठरविण्यासाठी प्रथम निरोगी माणसाची चाल तपासणे अगत्याचे होते. १९९१ साली कॅनडातील संशोधकांनी दहा निरोगी पुरुषांना ३०, ५० व ७० टक्के भार उचलून चालविले आणि पूर्ण भारावरील चालीशी तुलना केली. दोन्ही पाय एकाच वेळी टेकलेले असण्याचा काळ घटला, खुबा व गुडघा यांची हालचाल आखडली आणि भार पेलणाऱ्या स्नायूंचे काम हलके झाले. तथापि चालण्याची मूळ घडण पुष्कळशी टिकून राहिली. आधार फारच वाढविला, तर मात्र टाच नीट टेकत नाही. म्हणून उपचारात आरंभी साधारणतः ४० टक्क्यांपर्यंतच आधार देऊन तो क्रमाने कमी करीत नेतात. आधार हा सोडण्यासाठीच द्यावयाचा असतो, हे यातील मर्म होय.

आता खर्चाचा विचार. असे यंत्र गावोगावी पोहोचणे कठीण. मग खेड्यातील रुग्णाने आशा सोडावी काय? मुळीच नाही. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अर्धांगवायूच्या ४०८ रुग्णांपैकी काहींना यंत्रावर चालविले, तर काहींना फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन शक्तीचे व तोलाचे व्यायाम दिले. वर्षाअखेर एकूण ५२ टक्के रुग्णांची चालण्याची क्षमता वरच्या पायरीवर गेली होती आणि दोन्ही पद्धतींच्या फलात लक्षणीय अंतर आढळले नाही. गुण आला तो नियमित, क्रमाने वाढत जाणाऱ्या आणि जाणकाराच्या देखरेखीखालील सरावाचा.

यातून आपले कर्तव्य स्पष्ट होते. दोरखंडाने टांगण्याचे प्रयोग घरी कोणी करू नयेत; त्यात इजेचा धोका आहे. परंतु रुग्णाला खाटेवर पडू न देता वेळीच रुग्णालयात न्यावे, फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम घरच्यांनी शिकून घ्यावेत आणि त्यांत खंड पडू देऊ नये. पंचायतीने अशा रुग्णांची नोंद ठेवावी, उंबरठ्यापासून रस्त्यापर्यंतची वाट सपाट करावी, भिंतीलगत धरावयास कठडा बसवावा. एवढे केले, तरी कित्येक पावले पुन्हा अंगणात उमटतील.