समुद्रातल्या पवनचक्क्या

मंडळी, वाऱ्यावर वीज होते. धूर नाही, राख नाही. मग आणखी काय बघायचे?

ऐका. डेन्मार्कजवळ हॉर्न्स रेव्ह इथे भर समुद्रात २००२ साली ८० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्याआधी तिथले पक्षी आणि जलचर मोजले होते. खांब ठोकताना पाण्यात मोठा दणका बसे. पॉरपॉइज नावाचे डॉल्फिनसारखे प्राणी दूर पळत. काम संपले, ते परत आले. काही पाणपक्षी मात्र ती जागा टाळू लागले. आधी मोजले होते, म्हणूनच हे कळले.

आता जर्मनीत खांबाभोवती पाण्यात बुडबुड्यांचे कडे सोडतात. दणका कमी होतो.

विहीर खणताना शेजाऱ्याचे पाणी तुटेल का, हे आपण बघतोच ना? आम्ही म्हणतो, समुद्रातही तसेच. आधी मोजा, कोळ्यांना विचारा, मग खांब ठोका.