शोधनिबंधांतील सचोटी आणि रुग्णसेवा
(वार्षिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



वार्षिक मेळाव्यात खाटा, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांचे आकडे आपण दरवर्षी ऐकता. ते अहवालात छापलेले आहेतच. आज आम्ही एका वेगळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे वैद्यकीय नियतकालिकांतील शोधनिबंध, आणि ते लिहिताना व छापताना पाळावयाची नीती.

हा विषय ग्रंथालयाच्या कपाटातला वाटेल. परंतु तसे नाही. कोणते औषध केव्हा व किती द्यावे, हे डॉक्टर केवळ स्वानुभवाने ठरवीत नाहीत. इतरांनी केलेले प्रयोग छापून येतात, त्यांची एकत्रित छाननी होते आणि त्यातून उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे तयार होतात. त्यामुळे दूरदेशीच्या एखाद्या पानावरील असत्य काही वर्षांनी रुग्णाच्या खाटेपाशी येऊन पोहोचू शकते.

एक उदाहरण सांगतो. जर्मनीतील भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट यांनी हायड्रॉक्सिएथिल स्टार्च या द्रावणाविषयी विपुल लेखन केले होते. रक्तदाब खालावलेल्या रुग्णांना शिरेवाटे देण्याचे हे द्रावण. २०१० साली त्यांच्या एका निबंधाविषयी शंका उपस्थित झाल्या. पुढे चौकशी झाली आणि २०११ साली अनेक नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्र येऊन त्यांचे ८० हून अधिक निबंध मागे घेत असल्याचे जाहीर केले. त्या संशोधनाला आवश्यक ती नीतिसमितीची मान्यता होती असे दिसून आले नव्हते. २०१३ साली एका अमेरिकन नियतकालिकात या द्रावणावरील प्रयोगांची एकत्रित छाननी प्रसिद्ध झाली. बोल्ट यांचे प्रयोग वगळताच चित्र पालटले : अत्यवस्थ रुग्णांमध्ये या द्रावणामुळे मृत्यूचा आणि मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका वाढतो, असे दिसले. २०२२ साली युरोपीय आयोगाने या द्रावणांचे विक्रीपरवाने स्थगित करण्याचा निर्णय घेतला. अविश्वसनीय निबंधांनी एक धोका किती काळ झाकून ठेवला, याचा विचार आपणच करावा.

अशा प्रकारांना आळा घालणारे नियम आहेत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखकत्वासाठी चार कसोट्या सांगते : संशोधनात भरीव सहभाग, लेखनात वा त्याच्या चिकित्सक पुनर्लेखनात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि संपूर्ण कामाचे उत्तरदायित्व. चारही पूर्ण झाल्या तरच लेखक. एरवी केवळ ऋणनिर्देश. आपल्या देशात औषधांच्या चाचण्यांची पूर्वनोंदणी १५ जून २००९ पासून बंधनकारक आहे. चाचणीआधीच हेतू नोंदविलेला असला, की प्रतिकूल निष्कर्ष दडपणे अथवा मागाहून उद्दिष्ट बदलणे कठीण होते.

तथापि नियमांइतकीच प्रलोभनेही आहेत. अध्यापक-डॉक्टरांच्या पदोन्नतीशी निबंधांची सांगड घातली गेली आणि पैसे घेऊन परीक्षणाविना काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार फोफावला. २०१९ साली अमेरिकेतील न्यायालयाने हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशनसमूहाला, परीक्षणाविषयी दिशाभूल व शुल्क दडवून ठेवणे या कारणांसाठी, पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. आपल्याच देशातील हे उदाहरण आहे, हे विसरून चालणार नाही.

आमची भूमिका सरळ आहे. केवळ पद वा वय पाहून कोणाचेही नाव निबंधावर घालू नये. ज्या कंपनीचे औषध वा उपकरण तपासले, तिच्याकडून मिळालेला प्रत्येक लाभ निबंधात उघड करावा. उपचार अपेशी ठरला, तरी तो निष्कर्ष प्रसिद्ध व्हावा. कारण तो दुसऱ्या रुग्णाला वाचवू शकतो. रुग्णाचे छायाचित्र वा माहिती त्याच्या लेखी संमतीविना छापू नये, आणि ही संमती उपचारांच्या संमतीहून वेगळी घ्यावी.

नातेवाइकांना विनंती की, असा कागद पुढे आला तर तो वाचावा, शंका विचाराव्यात आणि मनाला पटत नसेल तर नि:संकोच नकार द्यावा. नकारामुळे उपचारांत तसूभरही फरक पडता कामा नये. तो आपला हक्क आहे. विश्वस्त व देणगीदारांना विनंती अशी की, ‘यंदा किती निबंध छापून आले?’ हा प्रश्न आम्हांला विचारू नये. ‘जे छापले, ते खरे आहे का? मूळ नोंदी जपल्या आहेत का?’ असे विचारावे. संख्येची अपेक्षा नकळत खोटेपणाला वाट करून देते; सत्याची अपेक्षा आम्हांला जागे ठेवते.

आपण दिलेल्या रुपयाचा हिशेब आम्ही पै-पैने देतो, तो लेखापरीक्षक तपासतात. रुग्णांच्या वेदनेतून हाती आलेल्या ज्ञानाचा हिशेबही तितकाच चोख असावा, एवढेच आमचे मागणे आणि आमचे वचन आहे.