पाळणा पुन्हा हलण्यापूर्वी

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. सातव्या महिन्यात आपण हौसेने डोहाळजेवण करतो, ओटी भरतो. पण ज्या घरात पहिले बाळंतपण जिवावर बेतून गेले, तेथे दुसऱ्याची तयारी केव्हा सुरू व्हावी? आज याच प्रश्नावर मी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. कला शाखेची पदवीधर आहे आणि तीस वर्षे पत्रकारितेत वावरले आहे. ऐकणे, विचारणे आणि पडताळून पाहणे एवढाच माझा अधिकार.

माझ्या पुतणीला बत्तिसाव्या आठवड्यात असह्य डोकेदुखी सुरू झाली, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. रक्तदाब बेसुमार वाढला होता. रातोरात सिझेरियन करावे लागले. बाळाचे वजन अवघे चौदाशे ग्रॅम! कित्येक दिवस ते काचेच्या पेटीत होते. ईश्वरकृपेने मायलेक दोघेही सुखरूप आहेत. पण मुलाचा पहिला वाढदिवस होतो न होतो, तोच घरातून सूर निघाला, "आता पाळणा लांबवू नका." ती डॉक्टरांकडे गेली. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "मागचे कागद कुठे आहेत?" कागद दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेले होते. रक्तदाब किती चढला होता, लघवीतून प्रथिने किती जात होती, गर्भाशयावर छेद कसा घेतला होता, यांपैकी काहीही घरातल्या कोणाला सांगता येईना.

भगिनींनो, येथेच आपण चुकतो. संकट टळले की आपण नवस फेडतो, पेढे वाटतो आणि ते विसरून जातो. मागच्या बाळंतपणाचे कागद म्हणजे पुढच्या बाळंतपणाची शिदोरी आहे.

दुसरा प्रश्न अंतराचा. जिवंत बाळाच्या जन्मानंतर पुन्हा दिवस राहण्यापूर्वी किमान 24 महिने जाऊ द्यावेत आणि गर्भपातानंतर किमान 6 महिने, अशी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांची शिफारस आहे. शरीरातील लोहाचा साठा भरून यायला आणि सिझेरियनचा व्रण बळकट व्हायला वेळ लागतो. ज्यांचे वय अधिक आहे, त्यांनी हा हिशेब डॉक्टरांसमोर बसून मांडावा. शेजारणीच्या सल्ल्याने नव्हे.

तिसरी गोष्ट तपासण्यांची. गर्भारपणात मधुमेह झाला असेल, तर बाळंतपणानंतर 6 ते 12 आठवड्यांत साखर पुन्हा तपासावी लागते आणि पुढच्या वेळी दिवस राहण्याआधीही. रक्तदाबाच्या काही गोळ्या गर्भाला घातक असतात. त्या आधीच बदलून घ्याव्या लागतात, मात्र मनाने बंद करायच्या नाहीत. मागे रक्तदाबाचा गंभीर विकार झालेल्या स्त्रीला डॉक्टर पुष्कळदा तिसरा महिना संपता संपता अल्प मात्रेतील अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. ही गोळी स्वतःहून घेण्याची नव्हे. पण जी स्त्री पाचव्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्याची पायरी चढते, तिच्या बाबतीत ही संधी हातची गेलेली असते.

चौथी गोष्ट फॉलिक अ‍ॅसिडची, आणि तिचा धागा आपल्या मुंबईशी जुळलेला आहे. 1928 साली ल्युसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गिरणीकामगार स्त्रियांना गर्भारपणात होणाऱ्या पंडुरोगाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने हा आजार बरा होतो, असे त्यांना आढळले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजेच फॉलेट, हे पुढे उलगडले. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मिटते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते! म्हणून ही गोळी आधीपासून, किमान महिनाभर, घ्यावी लागते. नेहमीची मात्रा रोज 400 मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळात या नळीचा दोष आढळला असेल, तर डॉक्टर दसपट मात्रा देतात. त्याने दोषाची पुनरावृत्ती मोठ्या प्रमाणात टळते, हे 1991 साली सिद्ध झाले. शाकाहारी घरांतील भगिनींनी बी-12 जीवनसत्त्वही तपासून घ्यावे. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून चाललेल्या अभ्यासात त्याची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली आहे.

आणि आता मनाविषयी. जी स्त्री मरणाच्या दारातून परत आली, तिला रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा पाहूनही धडकी भरते. "काही होत नाही, आम्ही नाही का चार-चार काढली?" हे वाक्य तिला धीर देत नाही, ते तिला एकटी पाडते. बंधूंनो, दवाखान्यात तिच्या शेजारच्या खुर्चीवर तुम्ही बसा. डॉक्टर काय सांगतात, ते तुम्हीही ऐका. आणि पुन्हा मूल हवे की नको, याचा शेवटचा शब्द तिचा असू द्या. तिने 'नको' म्हटले, तरी त्या घराचे काहीही उणे होत नाही.

वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्या भगिनींकडे माझे एकच मागणे आहे. बारशाला जाल, तेव्हा हळूच विचारा, "कागद जपून ठेवलेत ना? पुढची तपासणी केव्हा आहे?" सरकारी रुग्णालयांत 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते; ती चौथ्या महिन्यापासून पुढच्यांसाठी आहे. त्याही आधी, दिवस राहण्यापूर्वी, तिला दवाखान्यापर्यंत सोबत करणे हे आपले काम.

माझ्या पुतणीने चार खेपा घालून रुग्णालयातून नोंदींच्या प्रती मिळवल्या. दुसऱ्या अपत्याचा निर्णय तिने अजून घेतलेला नाही आणि आता घरात कोणी घाईही करीत नाही. ती फाईल मात्र सासूबाईंनी स्वतःच्या हाताने कपाटात ठेवली आहे, दागिन्यांच्या डब्याशेजारी. तिची खरी जागा तीच आहे.