वाटीचें माप

घरखर्चाची वही आतां पुष्कळ घरांत मोबाइलमध्यें गेली आहे आणि तिच्या शेजारीं आणखी एक वही येऊन बसली आहे. तिच्यांत रुपये-आण्यांऐवजीं उष्मांक मांडतात. सकाळचा चहा, दुपारच्या पोळ्या, सायंकाळचा चिवडा असें एकेक नांव लिहिलें कीं त्यापुढें आंकडा उमटतो आणि रात्रीं दिवसाची बेरीज तयार होते. साधन उपयुक्त आहे यांत शंका नाहीं. परंतु वहींत खरें लिहिलें तरच हिशेब खरा निघतो, हा जुना नियम येथेंही लागू आहे.

एक किलोग्रॅम पाण्याचें उष्णतामान एक अंश सेल्सिअसनें वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, तिला आहारशास्त्रांत एक उष्मांक म्हणजेच कॅलरी समजतात. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठरविलेल्या प्रमाणानुसार पिष्ट पदार्थ आणि प्रथिनें यांच्या एका ग्रॅमापासून सुमारें ४, तर तेलतुपाच्या एका ग्रॅमापासून सुमारें ९ उष्मांक मिळतात. भारतीय अन्नाचीं कोष्टकें कुन्नूर येथून १९३७ सालीं ॲक्रॉइड यांनीं प्रसिद्ध केलीं. तेथील संस्था पुढें हैदराबादेस गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था या नांवानें तिनें २०१७ सालीं नवीं कोष्टकें काढलीं. मोबाइलमधील साधनें अशाच कोष्टकांचा आधार घेतात. मात्र कित्येकांत वापरणारांनीं स्वतः भरलेल्या नोंदीही मिसळलेल्या असतात. म्हणून 'वरण' या एकाच शब्दापुढें निरनिराळे आंकडे दिसतात.

खरी चूक मात्र बहुधा स्वयंपाकघरांतच होते. समजा, एखादा गृहस्थ महिनाभर नेमानें नोंद करतो, बेरीजही बेताचीच येते. तरी वजन जेथल्या तेथें. दोष यंत्राचा नसतो, वाटीचा असतो. साधनांतील वाटी एका मापाची आणि घरांतील वाटी तिच्या दीडपट! भाताचेंही तसेंच. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळांत सुमारें ३५० उष्मांक असतात, पण शिजल्यावर त्यांत पाणी मुरतें आणि शंभर ग्रॅम भातांत सुमारें १३० च उरतात. कच्च्याच्या जागीं शिजलेला लिहिला, तर हिशेब अडीचपटींहून अधिक चुकतो.

कित्येक गोष्टी तर वहींत येतच नाहींत. दोन चमचे साखर व अर्धी वाटी दूध घातलेल्या चहाचे सुमारें ७५ ते १०० उष्मांक होतात. असे चार पेले म्हणजे तीन-चार फुलक्यांएवढें अन्न झालें. तरी 'नुसता चहाच घेतला' असें म्हणण्याची रीत आहे. उपवासाचीही तीच गत. ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचें कूट, दोन चमचे तूप आणि थोडा बटाटा एवढ्या खिचडीचे पावणेपांचशेंच्या आसपास उष्मांक भरतात. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' या म्हणीला असा आंकड्यांचा आधार सांपडतो.

यावर उपाय सोपे आहेत. घरांतील वाटी, पळी आणि चमचा एकदां तराजूवर तोलून ठेवावा. भाजी-आमटीचें सर्व साहित्य कच्चें असतांना नोंदवून, मग जितके वाटे होतील तितक्यांनीं भागावें. फोडणीचें तेल रोज मोजणें कठीण. तें महिन्याच्या खरेदीवरून काढावें. चार माणसांच्या घरांत महिन्यास तीन किलो तेल संपत असेल, तर माणशीं रोज २५ ग्रॅम, म्हणजे २२५ उष्मांक झाले. कोणाच्याही नोंदींत न सांपडणारा आंकडा तेलाच्या डब्यांत सांपडतो.

तरीही आंकडा हा अंदाजच होय. दहा-वीसांच्या फरकासाठीं मन कष्टी करूं नये. शिवाय साखरेचे शंभर उष्मांक आणि मुगाच्या उसळीचे शंभर उष्मांक बेरजेंत सारखे असले, तरी शरीराला सारखे नसतात. वाढत्या वयाचीं मुलें, गर्भवती स्त्रिया आणि रोगी यांच्या आहाराचा निर्णय वैद्यकीय सल्ल्यानेंच व्हावा. आणि ज्याला प्रत्येक घासाची धास्ती वाटूं लागेल, त्यानें ही वही तत्काळ मिटावी.

इतरांनीं पंधरा दिवस प्रामाणिकपणें नोंद केली, तर डोळ्यांना मापाची ओळख पटते. पुढें ताटाकडे पाहूनच अदमास बांधतां येतो. आणि मग मोबाइल बाजूस ठेवून चार माणसांत निश्चिंतपणें जेवतां येतें.