अंगतपंगत : झाकण उघडण्याची रीत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात भोजन समितीच्या वतीने केलेले भाषण)



ह्या व्यासपीठावरून काल आणि आज नाटक, ग्रंथालय, गणेशोत्सव, बालवर्ग ह्या विषयांवर अधिकारी मंडळी बोलली. आमच्या वाट्याला स्वयंपाकघर आले आहे. पन्नास वर्षांत मंडळाने काय काय खाल्ले ह्याची यादी वाचली तर सभेला भूक लागेल, एवढेच साधेल. म्हणून आपण काय खाल्ले ह्यापेक्षा एकमेकांचे कसे खाल्ले, ह्याविषयी चार शब्द बोलावे असे आम्ही ठरविले आहे.

मंडळ स्थापन झाले तेव्हा हे गाव मध्य प्रदेशात होते. २००० सालापासून ते छत्तीसगडात आले. कारखान्याच्या नोकरीसाठी येथे जमलेली आपली माणसे एका गावची नव्हती. नागपूर-अमरावतीकडची होती, खानदेशातली होती, कोकणातली, पुण्याकडची, कोल्हापूरची होती. आचारी बोलावण्याइतका पैसा मंडळापाशी नव्हता. तेव्हा प्रत्येक घराने एकेक पदार्थ करून आणावा आणि सर्वांनी मिळून जेवावे, अशी प्रथा पडली. नवी पिढी तिला ‘पॉटलक’ म्हणते. आमच्या तोंडी शाळेतला जुना शब्द होता, अंगतपंगत.

प्रथा सोपी वाटते. पण पहिल्याच वर्षी तिने आम्हांला हिसका दाखविला. कोजागरीला सात घरांतून बटाट्याची भाजी आली आणि पोळ्या कोणीच आणल्या नाहीत. दुसऱ्याच्या घरून पोळ्या येतील अशी प्रत्येकीची खात्री होती. त्या रात्री मंडळींनी बटाट्याची भाजी खाऊन वर आटीव दूध घेतले. तेव्हापासून आठ दिवस आधी वही फिरू लागली. आता वही जाऊन भ्रमणध्वनीवरचा निरोप आला आहे. पण नियम तोच आहे. कोण काय आणणार हे आधी लिहावे आणि लिहिले तेच आणावे. प्रमाणाचाही एक हिशेब अनुभवाने ठरला. आपल्या घरची जितकी माणसे, तितक्यांना पोटभर पुरेल एवढे, आणि वर दोघांचे. पाच माणसांनी जेवायला येऊन वाटीभर कोशिंबीर आणू नये; तसेच चाळीस माणसांचा भात एकटीने शिजवून कंबरही मोडून घेऊ नये.

दुसरा धडा उन्हाने शिकविला. येथला वैशाख पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत नेतो. ओल्या नारळाची चटणी, दह्यातली कोशिंबीर, शिजलेला भात हे पदार्थ अशा दिवसांत एका तासावर उघड्यावर ठेवू नयेत. म्हणून उन्हाळ्यात चटणी सुकी असावी, ताक थंड करून आणावे आणि दह्यातली कोशिंबीर जागेवरच कालवावी, असे ठरले.

तिसरी गोष्ट शेंगदाण्याची. आपल्या भाजीत, कोशिंबिरीत, उपासाच्या खिचडीत, चटणीत, लाडवांत दाण्याचे कूट असते. ते आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की सांगण्याचेही सुचत नाही. परंतु ज्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याच्या दृष्टीने ही जीवनमरणाची बाब आहे. म्हणून हल्ली प्रत्येक भांड्याजवळ चिठ्ठी असते. पदार्थाचे नाव, दाणे आहेत की नाहीत, कांदालसूण आहे की नाही, उपासाला चालेल की नाही, एवढे त्यावर लिहावे. सामिष पदार्थांचे टेबल वेगळे असते, पण त्याच मांडवात असते. प्रत्येक भांड्याला त्याचा स्वतंत्र डाव असावा. रश्श्यातला डाव खिरीत जाऊ नये आणि उष्ट्या हाताने वाढून घेऊ नये.

हे सारे झाले व्यवस्थेचे नियम. ते शिकण्यास थोडी वर्षे लागली, इतकेच. जे शिकण्यास फार वेळ लागला आणि ज्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली, त्याविषयी आता बोलतो.

यजमानाच्या घरची पंगत आणि अंगतपंगत ह्यांत एक मोठा फरक आहे. यजमानाच्या पंगतीत मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मध्ये वरणभात, असे पान एकच हात वाढतो. आग्रह करणारा एक असतो. पानात टाकले तर त्याचा अवमान होतो. अंगतपंगतीला यजमानच नसतो. तेथे ‘घ्या हो, अजून थोडे घ्या’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा? आपणच आणलेल्या पदार्थाचा आग्रह आपणच करावा, तर संकोच वाटतो. ज्याने आणले तो भांड्यापासून थोडा दूर उभा राहतो आणि कोण वाढून घेत आहे हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहतो. येथे पानात टाकल्याने कोणी फारसे दुखावत नाही. भांड्यातून न घेतल्याने दुखावते.

गोपाळकाल्याची कथा आपण सारे जाणतो. भागवताच्या दशम स्कंधात श्रीकृष्ण गोपाळांसह वनात बसून जेवतो. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात काला होतो आणि मगच वारकरी घरची वाट धरतात. काल्यात पोहे, लाह्या, दही सारे एक होते. कोणाची शिदोरी दांडगी होती आणि कोणाची मूठभर होती, हे मग ओळखू येत नाही. अंगतपंगतीत मात्र प्रत्येक भांडे ओळखू येते. हा पितळी डबा कोणाचा, ही कढई कोणाच्या घरची, हे साऱ्यांना ठाऊक असते. काल्यात जे काम कालवणारा हात करतो, ते येथे माणसांच्या सौजन्याने करावयाचे असते. ते केले नाही तर काय होते, हे आम्ही पाहिले आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी कार्तिकात मंडळाचे आवळीभोजन होते. झाडाखाली सतरंज्या अंथरल्या होत्या आणि एका लांब टेबलावर भांडी मांडली होती. सांबारवडी होती, वांग्याचे भरीत होते, सोलकढी होती. शेजारच्या छत्तीसगडी कुटुंबाने तांदळाचा फरा आणला होता आणि तो पहिल्या पाच मिनिटांत संपला. नुकतेच बदलून आलेले एक जोडपे प्रथमच आले होते. त्यांनी ज्वारीच्या भाकरी आणि अंबाडीची भाजी आणली होती. येताच त्यांना कोणीतरी गाव विचारले, मग आडनाव विचारले. आडनाव कशासाठी विचारले जाते, हे येथे उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही.

जेवणे झाली. भांडी आवरताना आम्ही पाहिले, तो डबा टेबलाच्या टोकाला जसा ठेवला होता तसाच होता. कोणी काही बोलले नव्हते, कोणी नाही म्हटले नव्हते. प्रत्येकापाशी स्वतःपुरते कारण होते. कोणाचे पोट भरले होते, कोणाला तिखटाची धास्ती होती, कोणाचे लक्ष गेले नव्हते. त्या गृहस्थांनी आपल्या डब्यातली एक भाकरी काढली आणि उभ्याउभ्याच खाल्ली. डबा थोडा तरी हलका होऊन घरी जावा, एवढाच त्यांचा हेतू असावा.

दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी दोघी त्यांच्या घरी गेल्या. बाईंनी चहा केला, तक्रार केली नाही. निघताना इतकेच म्हणाल्या, “ताई, भूक नसेल तर गोष्ट वेगळी. पण झाकणसुद्धा कोणी उघडले नाही.” त्यानंतर ते कुटुंब मंडळात आले नाही. दीड वर्षाने त्यांची बदली झाली. आम्ही त्यांना पुन्हा जेवायला बोलावू शकलो नाही, आणि ती खंत आमच्या मनातून गेलेली नाही.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत यशाची गणती होते, ती व्हावीच. परंतु पन्नास वर्षांच्या जमाखर्चात हा खर्चही नोंदवावा, म्हणून हे सांगितले. कारण हा प्रश्न आपल्या मंडळाचा एकट्याचा नाही. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आले आणि प्रायश्चित्ताचा वाद माजला. एका पेल्याचे एवढे भय ज्या समाजाला होते, त्याच समाजात पुढे समतानंद अनंत हरि गद्रे यांनी झुणकाभाकरीच्या सहभोजनांचा ध्यास घेतला. सुधारकांनी रोटीबंदी तोडण्यासाठी मुद्दाम पंगती घडविल्या. आपल्याला तर पंगत आयती मिळाली होती. आपण ती जेवलो आणि एक डबा वगळला.

त्या आवळीभोजनानंतर समितीने एक नियम केला. तो आजतागायत पाळला जातो. सारी भांडी आली की समितीच्या दोघीजणी प्रथम प्रत्येक झाकण उघडतात आणि पदार्थाचे नाव मोठ्याने सांगतात. कोणी आणला हे सांगत नाहीत. मग समितीची माणसे प्रत्येक भांड्यातले चमचाभर आपल्या पानात घेतात आणि त्यानंतरच पंगत सुरू होते. ज्याला पथ्य आहे, व्रत आहे, त्याच्यावर सक्ती नाही. बाकीच्यांनी निदान चव घ्यावी.

ह्या नियमात नवे काही नाही. भोंडल्याच्या किंवा वऱ्हाडातल्या भुलाबाईच्या खिरापतीत आपल्या मुली हेच करीत आल्या. झाकलेल्या डब्यात काय आहे ते ओळखण्यासाठी साऱ्याजणी सरसावतात; आत साखरखोबरे असो की आणखी काही, झाकण उघडण्याचा आनंद तोच असतो. आम्ही मोठी माणसे तेवढे विसरलो होतो.

आणखी दोन गोष्टी सांगून थांबतो. विकत आणलेल्या पदार्थाला नावे ठेवू नयेत. पाळीवरून थेट आलेली भगिनी दुकानातले श्रीखंड आणते, तेव्हा तिने आपला वेळ नाही तरी आपला वाटा आणलेला असतो. एकट्या राहणाऱ्या तरुणाने केळी आणावीत, लिंबे आणावीत, पत्रावळी आणाव्यात, आणि जेवणानंतर सतरंज्या झाडाव्यात. तोही वाटाच आहे. आणि हा वाटा पुरुषांनीही उचलावा. ‘आमच्याकडून ही आणील’ असे सांगून मोकळे होण्याचे दिवस आता संपले पाहिजेत.

शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, तिच्यात निदान चिमूटभर साखर घालावी, अशी आपल्याकडे रीत आहे. अंगतपंगतीची रीत तिच्या जोडीला ठेवावी : कोणाचेही भांडे भरलेले परत जाऊ देऊ नये. आज दुपारच्या भोजनाला एक्काहत्तर घरांची भांडी मांडवात आली आहेत. नव्याने आलेली काही कुटुंबे आपल्यात आहेत. त्यांचे आडनाव विचारण्यापूर्वी त्यांच्या पदार्थाची कृती विचारावी, अशी आमची विनंती आहे.

इतके बोलून आम्ही आमचे भाषण संपवितो. पाने मांडली आहेत; झाकणे उघडण्यासाठी आम्हांला आता गेले पाहिजे.