आधी घोडा, मग आपण



लहानपणी आजी एक कोडं घालायची. घोडा का अडला? भाकरी का करपली? पान का सडलं? तिन्हींचं उत्तर एकच : फिरवलं नाही म्हणून. आज मी तुम्हाला अडलेल्या घोडीची गोष्ट सांगणार आहे. पण ही घोडी न फिरवल्यामुळे अडली नाही, आणि चूक तिची मुळीच नव्हती.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातले 11 महाराष्ट्रातले. बारावा आमच्या तामिळनाडूतला, जिंजी. चेन्नईहून मोटारीनं तीन-चार तासांवर. शिवाजी महाराजांनी 1677 मध्ये तो घेतला, आणि बारा वर्षांनी त्याच किल्ल्यानं स्वराज्य तगवलं. 1689 च्या सप्टेंबरअखेरीस राजाराम महाराज पन्हाळ्यावरून निघाले. मागे मोगल. वाटेत केळदीच्या राणी चेन्नम्मांनी आसरा दिला. कधी घोड्यावर, कधी वेष पालटून, महिन्याभरानं ते वेल्लोरला आणि तिथून जिंजीला पोचले. पुढे मोगलांना हा किल्ला घ्यायला जानेवारी 1698 उजाडला, आणि तोवर महाराज तिथून निसटलेही होते.

हे वाचून माझ्या मनानं घेतलं की जिंजीला जायचं ते घोड्यावरूनच. महाराजांची सगळी वाट नाही, निदान शेवटचा तुकडा.

चेन्नईत पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणून जानेवारी ठरवला, पोंगल झाल्यावर. घोडी चंदा, साधारण 400 किलो वजनाची. हमरस्त्यावरच्या ट्रकांत तिला घालायचं नाही म्हणून चेंगलपट्टूच्या पुढपर्यंत गाडीतून नेली. तिथून उत्तिरमेरूर, वंदवासी, देसूर आणि जिंजी. सुमारे 100 किलोमीटर, चार दिवस. चारा-पाण्याची छोटी गाडी घेऊन आमचा मोतद्दार पुढे जाणार. चेन्नईतली मराठी मंडळी रविवारी बसनं जिंजीला येणार, हारतुरे होणार, फोटो निघणार.

पहिले दोन दिवस काय सांगू! भातकापणी चाललेली. तळ्यांच्या बांधांवरून मऊ मातीची वाट, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेतं. घोडा चालीनं तासाला सहा-सात किलोमीटर जातो, दुडकीनं त्याच्या दुप्पट. दर तासाला दहा मिनिटं उतरायचं, तंग सैल करायचा, खूर बघायचे. गावातली पोरं मागे धावायची. म्हाताऱ्या घराच्या ओट्यावरून हसायच्या. एकीनं चंदाच्या कपाळाला कुंकू लावलं.

वंदवासीला रात्री मुक्काम. सकाळी मोतद्दार म्हणाला, "सर, नमदा अजून ओला आहे. उन्हात टाकतो, तासभर थांबू." नमदा म्हणजे खोगिराखालची जाड घडी. आदल्या दिवसाच्या घामानं भिजलेली. मी घड्याळ बघितलं. ऊन चढायच्या आत देसूर गाठायचं होतं. मी म्हणालो, "चालेल. कस."

मंडळी, घोड्यानं स्वतःच्या वजनाच्या पाचवा हिस्सा ओझं घ्यावं असा साधारण हिशेब आहे. म्हणजे चंदाला 80 किलो. माझं वजन 72, खोगीर आणि पिशव्या 12. पिशव्यांत काय? दुर्बीण, जाड पुस्तक, रविवारच्या फोटोंसाठी इस्त्रीचा कोट. खोगीरभरती हा शब्द आपण उगाच वापरत नाही.

अकराच्या सुमारास चंदा मान झटकू लागली. मग दुडकी सोडून चालीवर आली. मी टाच मारली. ती चार पावलं गेली आणि उभी राहिली. मला राग आला, खरं सांगतो. तिसऱ्यांदा टाच मारण्याआधी, का कोण जाणे, मी उतरलो. खोगीर काढलं. ओल्या नमद्याला चुणी पडली होती, आणि तिच्याखाली, खांद्यामागच्या उंचवट्यापाशी, तळहाताएवढी सूज. हात लावला तर कातडी थरथरली.

मी फोनवर पशुवैद्यांना विचारलं. ते म्हणाले, कातडी फुटलेली नाही हे नशीब. थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा. खोगीर अजिबात नको. उद्या विश्रांती, मग लगाम धरून हळूहळू चालवा.

तेवढ्यात माझ्या मनात काय आलं, तेही सांगतो. देसूर सात-आठ किलोमीटरवर होतं. जखमेपुरती घडी कापून, नमदा उलटा करून जाता आलं असतं. घोडा बोलत नाही. कुणाला कळलं नसतं.

फौजेत घोडदळाचा जुना नियम शिकवतात : आधी घोडा, मग जवान, मग अधिकारी. पाणी त्या क्रमानं, चंदी त्या क्रमानं, विश्रांती त्या क्रमानं. तरुणपणी मी तो परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. त्या सकाळी मी पहिला अधिकारी पाहिला, जवानाचं ऐकलं नाही, आणि घोड्याकडे शेवटी बघितलं.

मोतद्दाराला बोलावलं. त्यानं सूज पाहिली. एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरं वाटलं असतं. मी माफी मागितली. तो म्हणाला, "आधी पाणी आणतो, सर."

खोगीर आणि पिशव्या गाडीत टाकल्या. चंदाला धरून देसूरपर्यंत पायी गेलो. मंडळींना कळवलं की रविवारी माझ्याविना किल्ला बघून घ्या. काहींनी सुचवलं, घोडी तिथेच ठेवा, मोटारीनं या, समारंभ तरी होईल. नको म्हणालो. रविवारभर दर दोन तासांनी तिच्या पाठीवर पट्ट्या ठेवत बसलो. सोमवारी आणि मंगळवारी, उरलेलं सगळं अंतर, तिच्या शेजारून चाललो.

मंगळवारी दुपारी जिंजी. समोर राजगिरी. स्वागताला कुणी नाही. चंदाला सावलीत मोतद्दारापाशी ठेवून मी एकटा आत गेलो. पायथ्याशी, कल्याण महालाजवळ, जुन्या पागा आहेत. दगडी खणांची रांग. तिथे बराच वेळ उभा राहिलो. स्वारांची नावं बखरींत सापडतात. इथे बांधलेल्या घोड्यांची नावं कुठे आहेत? आणि ज्यांनी रोज पहाटे त्यांच्या पाठीवरून हात फिरवून सूज तपासली, त्यांची?

तुमच्यापैकी कुणाला अशी सफर करायची असेल तर जरूर करा. दिवसाला 25 ते 30 किलोमीटरपेक्षा जास्त नको. चंदी थोडी थोडी, अनेकदा. घोड्याचं पोट लहान असतं. पाणी दिवसाला 30-40 लिटर लागतं, त्याची सोय आधी बघा. नमदा कोरडा आणि सपाट. एक दिवस मोकळा ठेवा, आणि पोचण्याची तारीख कुणालाही सांगू नका.

चंदाची पाठ तीन आठवड्यांत बरी झाली. आता रोज सकाळी खोगीर घालण्याआधी मी मोतद्दाराला विचारतो, "घालू?" तो हो म्हणाला तरच घालतो.