सतरंजी अंथरली की रंगमंच
(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



आपल्या सोसायटीत पूर्वी गणपतीत रहिवाशांचं नाटक व्हायचं. ते का बंद पडलं म्हणून विचारलं, की उत्तर ठरलेलं: ‘धड स्टेज नाही, लाइट नाहीत, खर्च झेपत नाही.’ म्हणून आज अशा माणसाविषयी बोलतो, ज्याच्याकडे हे सगळं होतं आणि ज्याने ते एकेक करून बाजूला ठेवलं. त्यांचं नाव पीटर ब्रुक. जन्म लंडनचा, १९२५ सालचा.

१९४६ मध्ये, अवघ्या विशीत, त्यांना शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला नाटक बसवायला मिळालं. पहिल्या तालमीआधी त्यांनी नेपथ्याचं छोटं मॉडेल मांडलं. पुठ्ठ्याची माणसं हलवून बघितली, कोण कुठून येणार हे आकडे घालून वहीत लिहिलं. तालमीला खरे नट चालू लागले आणि त्यांच्या लक्षात आलं, की ही पुठ्ठ्याची माणसं नव्हेत. त्यांनी वही मिटली आणि नटांमध्ये जाऊन उभे राहिले.

नेपथ्याची आवड काही लगेच सुटली नाही. १९५५ च्या ‘टायटस अँड्रॉनिकस’मध्ये दिग्दर्शन, नेपथ्य, संगीत सगळं त्यांचंच. पण त्या रक्तपाताच्या नाटकात त्यांनी रक्ताच्या जागी लाल फिती वापरल्या. १९७० च्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये रान होतं, पण झाड एकही नाही! सॅली जेकब्स यांच्या नेपथ्यात पांढऱ्या भिंती आणि झोपाळे, बस्स. पुढे १९७२-७३ मध्ये ते नटांना घेऊन आफ्रिकेत गावोगाव फिरले. गावात थांबायचं, गालिचा अंथरायचा, खेळ सुरू. गालिच्यावर पाऊल ठेवलं की नट, खाली उतरलं की माणूस.

याला जोडून दुसरी एक वाट चालू होती, तिचा गवगवा त्यांनी केला नाही. गुर्जिएफ नावाच्या अध्यात्ममार्गी गुरूच्या शिकवणीचा अभ्यास ते वर्षानुवर्षं करत होते. अवधान राखायचं, स्वतःकडे नीट बघायचं, असा तो मार्ग. १९७९ मध्ये त्यांनी गुर्जिएफच्या तरुणपणावर चित्रपट केला. त्याच वर्षी फारसी सूफी कवी अत्तार यांच्या काव्यावरचं पक्ष्यांचं नाटक आणलं. पक्षी राजाच्या शोधात निघतात, शेवटी तीस उरतात आणि त्यांना कळतं, की राजा म्हणजे आपणच. (आमच्या सर्वसाधारण सभेलाही उपस्थिती साधारण तेवढीच असते!)

मग महाभारत. संस्कृतचे अभ्यासक फिलिप लाव्हास्तीन यांच्याकडून ब्रुक आणि लेखक ज्याँ-क्लोद कारिएर यांनी ते आधी कथा म्हणून ऐकलं. त्यानंतर बरीच वर्षं वाचन झालं, भारतात फिरणं झालं. १९८५ मध्ये फ्रान्समध्ये आव्हिन्योंजवळच्या दगडाच्या खाणीत सुमारे नऊ तासांचा प्रयोग उभा राहिला. माती, पाणी, अग्नी एवढंच नेपथ्य. द्रौपदी होत्या आपल्या मल्लिका साराभाई. आणि व्यासांचा लेखनिक म्हणून गणपतीबाप्पा तिथेही हजर!

यावर टीकाही झाली. महाभारत इथल्या मातीतून, इथल्या श्रद्धेतून उपटून नेलं, असं रुस्तम भरुचांसारख्या अभ्यासकांनी लिहिलं. मला त्यात तथ्य वाटतं. ज्या घरात कर्णासाठी आजीचा पदर डोळ्यांना लागतो, तिथे महाभारत ही नुसती जगाची गोष्ट नसते, घरातली असते. पण ब्रुक यांनी अभ्यास करून जे मिळवलं, ते आपल्याला वारशानेच मिळालंय, हेही विसरू नये. कोकणातला दशावतार एका बाकड्यावर उभा राहतो. तेच सिंहासन, तोच पलंग. कीर्तनकाराला तर टाळ-मृदंग आणि उभं राहण्यापुरती जागा पुरते.

मग आपलं काय अडलंय? पंचवीस वर्षांत लिफ्ट आली, सीसीटीव्ही आले. पण वरच्या मजल्यावरचे काका उत्तम पेटी वाजवतात, हे खालच्यांना ठाऊक नाही. हे जास्त महाग पडतंय. तालमीच्या निमित्ताने महिनाभर दहा घरांची माणसं एकत्र चहा प्यायची, ते नाटकाबरोबर गेलं.

म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे. येत्या गणपतीत एका संध्याकाळी पार्किंगमधल्या गाड्या दोन तास बाहेर लावूया. सतरंजी सोसायटीची आहेच. मुलांनी सुरुवात करावी, संहिता वीस मिनिटांची चालेल. पाठांतर चुकलं तर प्रॉम्प्टिंगला मी बसतो.

गणपतीबाप्पा मोरया!